मीनलचे पापड

अक्ती झाली की रायपूरची दुपार बंद पडते. इथं अक्षय्य तृतीयेला सगळे अक्तीच म्हणतात, मीही आता तसंच म्हणते. कूलरचा घरघराट, गवताच्या ओल्या ताट्यांचा वास आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आज सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर शेजारच्या गच्चीवर नवी सून जुन्या चादरीवर पापड पसरवत बसलेली. मला बघून तिनं एक पापड उचलून दाखवला.

"आंटी, ये काला-काला क्या गिरता है ऊपर से?"

"सिलतराकडचं आहे," मी म्हटलं. "कारखान्याची धूळ. वरून सुती साडी टाक पातळशी, आणि उलटताना फुंकर नको मारू, चिकटते."

तिला मराठी समजतं. मान हलवून ती साडी आणायला खाली गेली. मी मात्र ओले कपडे हातात घेऊन तिथंच उभी राहिले. पापडावर काजळी पडू नये म्हणून वर साडी टाकायची, हे मी कधी शिकले ते मला चांगलं आठवतं. ते शिकायची वेळ आमच्यावर ज्या उन्हाळ्यात आली, तो उन्हाळा मी दरवर्षी टाळायचा प्रयत्न करते. दरवर्षी तो गच्चीवरून खाली येतोच.

राज्य तेव्हा नवीन होतं. रायपूर राजधानी झालं म्हणजे काय झालं, ते आम्हाला आधी भाड्यांवरून कळलं. समता कॉलोनीतल्या ज्या घराच्या वरच्या मजल्याला कोणी विचारत नव्हतं, तिथं भोपाळहून बदलून आलेले साहेब राहू लागले. गल्लीत लाल दिव्याची गाडी उभी राहिली की मुलं तिच्याभोवती फिरून बघायची. सिलतराकडे एकामागून एक लोखंडाचे कारखाने उभे राहत होते आणि संध्याकाळी उत्तरेकडचं आभाळ तांबडं व्हायचं. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं. पोरांना आता नोकरीसाठी नागपूर-भिलाईला जावं लागणार नाही, असं प्रत्येक घरात बोललं जायचं.

आमच्या समोरच्या घरात भोयरकाका राहत. मूळचे वर्धेकडचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू. बायको लवकर गेली, तेव्हापासून ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी मीनल. मीनलनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सिलतराच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. सकाळी ती स्कूटीनं भनपुरीच्या नाक्यापर्यंत जायची, तिथून कंपनीच्या जीपनं पुढं. संध्याकाळी परत आली की रुमालानं मान पुसायची आणि रुमाल काळा व्हायचा. तो माझ्यापुढं नाचवून म्हणायची, "बघा काकू, पगारासोबत लोखंड फुकट देऊन राहिले."

तिचं हसणं मोठं होतं. पोरीच्या जातीनं इतकं मोठ्यानं हसू नये, असं गल्लीत दोघीतिघी म्हणत आणि ती हसली की स्वतःही हसत. भिलाईच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरल्यासारखं होतं. साखरपुडा उन्हाळ्यानंतर करायचा होता.

होळी नुकतीच होऊन गेली होती. भट्टीजवळ नमुना घ्यायला ती स्वतः गेली होती. तिथं काय फुटलं, कसं फुटलं, हे आम्हाला शेवटपर्यंत नीट कोणी सांगितलं नाही. चेहऱ्याची डावी बाजू, मान, छाती, दोन्ही हात. भोयरकाका मालधक्क्यावरून तसेच दवाखान्यात गेले. त्यांच्या मागे मी पोचले तेव्हा ते बाकावर बसले होते. हातात मीनलची चप्पल होती. ती त्यांना कोणी दिली होती की त्यांनी मागून घेतली होती, कोण जाणे.

कंपनीनं सुरुवातीला खर्च केला. मग कंपनीचा माणूस एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्यानं, मग येईना. भोयरकाकांनी बायकोचे दागिने विकले, गावाकडची शेताची पट्टी विकली. डॉक्टर म्हणाले, अजून कातडी लावावी लागेल, आत्ता थांबलात तर केलेलं सगळं वाया जाईल.

तेव्हा पुराणिकबाई पुढं झाल्या. तात्यापारा या जुन्या वस्तीतलं त्यांचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासूनचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या लहानशा मराठी मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्ष. उंच, करड्या आवाजाच्या. तोवर आमचं मंडळ म्हणजे चैत्रातलं हळदीकुंकू आणि एक सहल. बाईंनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या ओसरीवर बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या, "रडून झालं असंल तर उद्या सकाळी पाच वाजता उडदाची डाळ घेऊन या. पोरीले वाचवायचं हाय."

तो उन्हाळा! पहाटेच्या गारव्यात आमच्या गच्चीवर बायका जमायच्या. कोणी पीठ कुटतंय, कोणी लाट्या करतंय, तेलाच्या हातांनी पोळपाटावर पापड गरगर फिरतायत. दुसऱ्या बाजूला गव्हाचा चीक शिजतोय, त्याचा आंबूस गरम वास, आणि सोऱ्यातून पांढऱ्याशुभ्र कुरडया उतरतायत. सूर्य वर आला की उत्तरेचा वारा सुटायचा आणि त्या पांढऱ्यावर काळे कण बसू लागायचे. पहिल्या दिवशीचा अख्खा घाणा करडा झाला. पुराणिकबाईंनी स्वतःची जुनी सुती साडी आणून वर ताणली आणि म्हणाल्या, "त्याच कारखान्याची राख हाय ही. पोरीलेही तिनंच खाल्लं. पापडाले नाही खाऊ द्यायचं." त्यानंतर आमच्या गच्चीवर साड्यांचं छत असायचं, निळं, पिवळं, विटलेलं गुलाबी. खाली बसलेल्या बायकांच्या तोंडावर ते रंग पडायचे.

आम्ही पापड विकायला कुठं कुठं गेलो! नव्या सरकारी कार्यालयांत, जिथं टेबलं आली होती आणि खुर्च्या यायच्या होत्या. भनपुरीच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत, जिथं बाईमाणूस आत आलं की माणसं उठून उभी राहायची. ज्या ड्रायव्हरांना मीनलचं नावही ठाऊक नव्हतं, ते रक्त द्यायला रांगेत बसले. एक सरदारजी रक्त देऊन उठले आणि पापडाचं पुडकं विकतही घेऊन गेले. कॉलोनीच्या कोपऱ्यावर भाजी विकणारी दुखिया, धमतरीकडच्या खेड्यातली, तिनं एकदा माझ्या पिशवीत टमाटे टाकता टाकता कनवटीच्या नोटा काढून त्याच पिशवीत टाकल्या. मी नको म्हटलं तर चिडली. "हव दीदी, मोर डहर ले घलो रख ले," म्हणाली. माझ्याकडूनही ठेव. तिच्याकडून कोण मागणार होतं? तिनं मागायची वाटच पाहिली नाही.

दवाखान्यात पाळ्या लावल्या होत्या. ज्या बायका घरच्या पुरुषाला सांगितल्याशिवाय बाजारात जात नव्हत्या, त्या भाजलेल्या माणसांच्या खोलीत तासन्‌तास बसू लागल्या. पट्टी बदलायच्या वेळी मीनलचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. वीज गेली की आम्ही दोघीदोघी मिळून हातपंख्यानं वारा घालायचो. तिच्या ओठांवर पाण्याचे थेंब सोडायचे, तिच्याशी बोलत राहायचं. एकदा शुद्धीत असताना ती म्हणाली, "काकू, पापडाचा वास येऊन राहिला तुमच्या हाताले." मी हात मागे घेतला. ती म्हणाली, "राहू द्या. बरा वाटते."

आमच्या कॉलोनीत इतका एकोपा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. जुनी भांडणं मिटली. ज्या दोघी जावा वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या, त्या एकाच चादरीची दोन टोकं धरून कुरडया उचलू लागल्या. गच्चीवर हसणं व्हायचं, गाणी व्हायची. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्या सुखी होतो, हे आता लिहिताना विचित्र वाटतं, पण होतो. तेच दिवस मीनलच्या आयुष्यातले सर्वांत भयंकर होते. एकाच उन्हाच्या या दोन बाजू मी अजूनही एकमेकींना जोडू शकलेली नाही.

मीनल वाचली. हे आधी लिहायला हवं, ठळक लिहायला हवं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, ती मुलगी आम्ही परत आणली. कोणी काहीही म्हणो, ते पापड लाटणाऱ्या बायकांनी केलं, रक्त देणाऱ्या ड्रायव्हरांनी केलं, दुखियानं केलं.

श्रावणात मंडळाचा मेळावा होता. सभागृहाला झेंडूच्या माळा, पाहुणे म्हणून नव्या सरकारातले एक अधिकारी. महिला शाखेचा सत्कार व्हायचा होता. पुराणिकबाईंच्या मनात आलं, शाली मीनलच्या हातून द्याव्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. उलट, पोरगी लोकांत यावी, लोकांनी तिला पाहावं, तिची भीड मोडावी, असंच त्यांना वाटत होतं. मी आदल्या दिवशी मीनलला विचारायला गेले.

"काकू, माझी बोटं शाल धरत नाहीत," ती म्हणाली.

तिची बोटं आत वळून बसली होती. अंगठा तेवढा सुटा होता.

भोयरकाका म्हणाले, "जाऊ बेटा. त्यांनी इतकं केलं आपल्यासाठी. नाही कसं म्हणायचं?"

ती गेली. हिरव्या काठाची साडी नेसून, गळ्यापर्यंत पदर लपेटून. निवेदक एकेकीचं नाव घ्यायचा, ती मंचावर यायची, मीनल दोन्ही मनगटांवर शाल घेऊन पुढं करायची. माझं नाव आलं तेव्हा मी वर गेले. तिच्या तोंडाकडे बघून हसले. तीही हसली असेल, पण तिचा चेहरा आता हसणं दाखवत नव्हता. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या बायका शालीकडे बघत शाल घेत होत्या. पट्टी बदलताना ज्या जवळ उभ्या राहिल्या होत्या, त्याच बायका. तिथं तिचं तोंड पट्ट्यांखाली होतं, इथं उघडं होतं. फोटो काढणारा म्हणाला, "दीदी, पल्लू ज़रा इधर ले लो, लाइट पड़ रही है." तिनं पदर डाव्या गालावर ओढून घेतला.

शेवटी निवेदकानं तिच्यासमोर माइक धरला. दोन शब्द बोला, म्हणाला. भोयरकाका पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते, ते हात तसेच राहिले.

मीनल माइककडे जरा वाकली. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी मले वाचवलं. आता मी काय करू, तेही सांगा."

मग निवेदक म्हणाला, "वा! क्या बात है," आणि टाळ्या सुरू झाल्या. खूप वेळ वाजल्या. पाहुण्यांनी डोळे पुसले. तो प्रश्न होता, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं, पण मीही टाळ्या वाजवणाऱ्यांतच बसलेली होते.

पुढच्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही, आणि ते न सांगण्यासारखंच घडलं. भिलाईच्या मुलाकडून काही कळलं नाही, कोणी विचारलंही नाही. कारखान्यानं तिला परत घेतलं नाही. एका शाळेत विज्ञान शिकवायला गेली, तर लहान मुलं घाबरतात असं आठवडाभरात सांगण्यात आलं. घरी शिकवणी सुरू केली. आधी मी माझा मुलगा पाठवला, तो शिकला, पास झाला, कॉलेजात गेला, आणि त्याच्या मागून कोणी आलं नाही.

बोटं सोडवायला आणि मानेची ओढ कमी करायला अजून शस्त्रक्रिया करता आल्या असत्या. मी पुराणिकबाईंशी बोलले. त्या लगेच तयार होत्या, म्हणाल्या पुन्हा उभं करू सगळं. भोयरकाकांनी हात जोडले. "नको, वहिनी. पुन्हा नाही मागायचं. एकदा मागितलं ना, की घराच्या भिंती काचेच्या होऊन जातात."

ते खरं होतं. त्यांच्याकडे नवा कूलर आला तर गल्लीत बातमी झाली. वाईटपणानं कोणी बोललं नाही, नुसतं बोललं गेलं. तेवढ्यानंच त्यांनी कूलर मागच्या खोलीत हलवला, जिथं खिडकीच नव्हती. बाजारात निघाले की ज्यांनी ज्यांनी काही दिलं होतं, त्या प्रत्येकाला थांबून नमस्कार करायचे. कॉलोनीत जवळजवळ सगळ्यांनीच दिलं होतं. कोपऱ्यावरून दूध आणायला त्या माणसाला तासभर लागायचा. वर्षं गेली, लोक विसरले, ज्यांनी दिलं ते बदली होऊन गेले, त्यांच्या जागी राहायला आलेल्या माणसांनाही काका वाकून नमस्कार करत राहिले. ती माणसं गोंधळून बघायची.

आणि पापड. त्या उन्हाळ्यात आमच्या पुडक्यांचं नावच पडलं होतं, मीनलचे पापड. चव चांगली होती, लोकांच्या तोंडी बसली. दुसऱ्या वर्षी चैत्रात मी त्यांच्या घरी बसले होते तेव्हा बेल वाजली. मीनलनंच दार उघडलं. बाहेर एक बाई उभी होती, अनोळखी, हातात पिशवी. तिनं मीनलकडे पाहिलं, मग घाईनं दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

"वो मीनल वाले पापड यहीं मिलते हैं ना?"

"अब नहीं बनते," मीनल म्हणाली.

"काहे? बहुत अच्छे थे."

"मीनल ठीक हो गई," तिनं सांगितलं आणि हळूच दार लावलं. परत येऊन माझ्यासमोर बसली आणि चहाचा कप दोन मनगटांत धरून पीत राहिली.

मी पुष्कळदा विचार करते, आमचं कुठं चुकलं? आणि पुष्कळ विचार करूनही चूक सापडत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. कोणी खोटं वागलं नाही. कोणी पैसा खाल्ला नाही. सगळ्यांनी जीव ओतून केलं. पण आपल्या करण्याला उन्हाळा असतो. डाळ भिजवावी, लाटावी, वाळवावी, डबे भरावे आणि झाकण लावून हात धुवावे. माणूस काही वाळवून डब्यात भरता येत नाही. त्याचा दुसरा दिवस उजाडतो, तिसरा उजाडतो, वीस वर्षांनीही सकाळी उठून तोंड धुवायचं असतं आणि त्या तोंडाला हात लावायचा असतो. तेवढं लांबचं काम कुठल्याच मंडळाजवळ नाही. आमचं मंडळ तर पुराणिकबाई गेल्यावर दोन वर्षांत बंदच पडलं.

भोयरकाका मागच्या थंडीत गेले. माणसं खूप आली, गल्ली भरली. प्रत्येकानं मीनलला सांगितलं, काही लागलं तर सांग. ती प्रत्येकाला हो म्हणाली. तेरवी झाल्यावर महिन्याभरानं तिनं मला बोलावलं. घर विकलं होतं. खोल्यांत खोकी बांधलेली होती.

"पुलगावले चालली मी, काकू. मावसबहिणीच्या घरामागं एक खोली हाय."

"तिथं कोण आहे तुझं?" मी म्हटलं. "ती बहीण तरी ओळखते का नीट? इथं सगळी माणसं तुझी, मीनल. सगळ्यांनी तुझ्यासाठी..."

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. इतक्या वर्षांत तिला रागावलेली मी पाहिलीच नव्हती, ती मुभा तिला कोणी दिलीच नव्हती.

"म्हणूनच," ती म्हणाली. "जिथं माझ्यासाठी कोणी काही केलं नाही, अशा गावात राहून पाहायचं हाय मले. भाजी महाग लावली तर भांडायचं हाय. कोणाले नमस्कार न करता रस्त्यानं चालायचं हाय. बाबा असते तर नसती गेली. त्यांच्यानं झालं नसतं."

मग तिनं विचारलं, "काकू, खरं सांगा. त्या उन्हाळ्यात मी गेली असती, तर तुम्हा सगळ्यांले बरं आठवलं असतं ना मले?"

मी तिचे हात धरले. नाही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं, जसं इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं.

स्टेशनवर मीच गेले तिच्यासोबत. बाकी कोणाला तिनं सांगितलंच नव्हतं. खोकी आधी पाठवली होती. जवळ एकच बॅग, पण जड. पुलाच्या पायऱ्यांपाशी मी ती घ्यायला वाकले.

"नका, काकू," ती म्हणाली.

मी हमाल बघू लागले, तर त्यालाही नको म्हणाली. बॅगेचा पट्टा तिनं मनगटात अडकवला, वळलेल्या बोटांत जेवढा बसेल तेवढा बसवला आणि पायऱ्या चढू लागली. वरून उतरणारी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, बाजूला सरकत होती. दर थोड्या पायऱ्यांनी पट्टा निसटायचा. ती थांबायची, गुडघ्यावर बॅग टेकवायची, पट्टा पुन्हा अडकवायची आणि चढायची. माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. मी तिच्या बाजूनं रिकाम्या हातांनी चढत राहिले.